तीन नंबरच्या खोलीत माणूस आहे

कंट्रोल रूममध्ये नोकरी केलेली दोन माणसं कुठेही भेटोत, लग्नात भेटोत की बाराव्याला, पाच मिनिटांत अलार्मवर येतात. बाकीची मंडळी हळूच खुर्च्या सरकवून उठतात, पण आमचं सुरूच! कारण अलार्म रोज वाजतात आणि किस्से रोज साठतात. समुद्राकाठच्या घरात वाळू साठते, तसे. सकाळी कितीही झाडा, संध्याकाळी पायाला लागतेच.

माझ्याकडे साठलेल्यांपैकी काही हसण्याचे आहेत. काही मात्र हसण्याचे नाहीत, आणि ते मी सहसा सांगत नाही. सांगितले की लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि विचारतात, "मॅडम, तुम्ही इंजिनिअर ना?"

आहे ना! इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा आहे माझा. काय वाजायला पाहिजे आणि काय वाजायला नको, हे मला नाही कळणार तर कोणाला?

आधी जागा सांगते. तोंडवलीच्या अलीकडे, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, आमचा मासळी गोठवायचा कारखाना आहे. कोळंबी, माकूल, सुरमई इथे येते, धुतली जाते, सोलली जाते, गोठते आणि कंटेनरमधून परदेशी जाते. पाच मोठ्या थंड खोल्या आहेत, उणे वीसच्या. थंडावा करतो अमोनिया, त्याला फिरवतात कॉम्प्रेसर, आणि या सगळ्यांवर नजर ठेवतं कंट्रोल रूममधलं सॉफ्टवेअर. कुठे काही बिनसलं की स्क्रीनवर लाल पट्टी येते आणि भोंगा वाजतो. ऑपरेटरने "कळलं" म्हणून एक बटण दाबायचं, की भोंगा गप्प.

प्रत्येक थंड खोलीत दाराशेजारी, आतल्या बाजूला, एक मोठं लाल बटणही असतं. कोणी आत अडकलं तर ते दाबायचं. कंपनीने सगळे मेसेज मराठीत करून घेतले, तेव्हा त्या बटणाचा मेसेज असा झाला: 'आत माणूस आहे.'

आता त्या थंड खोल्यांचा सुपरवायझर म्हणजे माझा नवरा, सतीश. आमचं लग्न याच कारखान्यात जमलं. त्यामुळे ती पट्टी लाल झाली की आत कोण असू शकेल, हे मला कोणी सांगावं लागत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सांगते.

*

कंट्रोल रूममधले माझे गुरू म्हणजे बाबीकाका. कट्टा गावचे. उभं आयुष्य बर्फाच्या कारखान्यांत गेलेलं, तोंडात कायम सुपारी.

माझा पहिलाच दिवस होता. लाईट एकदा गेली आणि आली. बस! सगळी स्क्रीन लाल. कॉम्प्रेसर ओरडतोय, पंप ओरडतोय, पाचही खोल्या ओरडतायत, भोंगा वेगळाच. मी रडायच्या बेतात.

"काका, आता काय करू?"

"आधी सगळ्यांका गप कर. मगे बघ, पयलो कोण वरडलो."

"म्हणजे?"

"वाडीत एक कुत्रो भुकाक लागलो की सगळे भुकतत. पण चोर एकानच बघलेलो असता. त्याका शोध."

मला ते पटलं. आजही मी नव्या मुलांना हेच शिकवते. पण तेव्हा मी जरा आगाऊ होते, म्हणून विचारलं, "आणि काका, चोर नसताना भुंकणारा कुत्रा असला तर?"

काकांनी सुपारी या गालातून त्या गालात नेली. "त्याका तर गपच करू नको. तो कोणाक तरी बघता. आपणाक दिसणा नाय, इतक्याच!"

*

आता हसण्याचा एक घ्या.

एका दुपारी अमोनियाचा अलार्म वाजला. सोलणी विभागात गळती! हा अलार्म आला की प्रश्न विचारायचा नाही. सगळा कारखाना रिकामा केला, सगळ्या बायका गेटबाहेर आंब्याखाली, मॅनेजर तोंडाला ओला रुमाल लावून मोजणी करतोय. मेंटेनन्सवाले मास्क लावून आत गेले, इंच न् इंच तपासला. गळती शून्य.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत. तिसऱ्या दिवशी परत!

मग मीच जाऊन बसले तिथे. बघते तर काय, सोलणी विभागातल्या सुमनवहिनींनी घरून आणलेलं सुकट जेवणाच्या सुट्टीत पसरून ठेवलेलं, बरोबर त्या गॅस डिटेक्टरच्या खाली! सुकटीचा वास बिचाऱ्या डिटेक्टरला सोसवेना. त्याला तो अमोनियाच वाटायचा.

"वहिनी, तुमच्या सुकटीपायी तीन दिवस कारखाना रिकामा होतोय!"

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मगे त्या यंत्राक सांगा, वास सोसत नाय तर मालवणात नोकरी करू नको!"

हे एवढ्यासाठी सांगितलं की उगाच वाजणाऱ्या अलार्मला कारण असतं, हे मला माहीत आहे. शोधलं की सापडतं. मी शोधणारी बाई आहे. तीन नंबरच्या खोलीतही मी शोधलं.

*

तीन नंबरचं पहिल्यांदा वाजलं ते भर दुपारी. आमच्याकडे लोक तिन्हीसांजेला जपतात, पण त्याहून जास्त जपतात त्या ऐन दुपारच्या वेळेला. बाहेर ऊन रखरखत असतं, कावळासुद्धा बोलत नाही, आणि कॉम्प्रेसरची घरघर तेवढी ऐकू येते.

'कोल्ड रूम ३: आत माणूस आहे.'

मी सतीशला फोन लावला. उचलला नाही. मी चपला तिथेच टाकून धावले. आम्ही दोघातिघांनी दार ओढलं, आतून पांढरं धुकं बाहेर लोटलं, आणि आत फक्त खोकी. छतापर्यंत खोकी. माणूस नाही.

सतीश मागून आला, हातात चहाचा कप. "काय झाला गो? कोणाक शोधतंस?"

त्याच्या हातातला कप मी कसा फोडला नाही, माझं मलाच माहीत.

मग मी आत जाऊन बटण बघितलं. त्याच्यावर बर्फाचा पातळ थर होता, तसाच्या तसा. कोणी बोट लावलेलं नव्हतं. बटण दाबायचं म्हटलं तर तो थर मोडायलाच हवा. मी दाबून बघितलं. मोडला.

पुढच्या आठवड्यात परत वाजलं. परत आत कोणी नाही, परत बर्फ जसाच्या तसा. मग ते सुरूच झालं. आमचा इलेक्ट्रिशियन विलास, हा पक्का नास्तिक माणूस. त्याने आधी बटण बदललं. मग वायर बदलली. मग पॅनेलमधलं कार्ड बदललं. हे सगळं झाल्यावर तो हात पुसत बाहेर आला आणि त्याच्यासमोरच भोंगा वाजला.

विलास दाराकडे बघत राहिला. "बटाण नवा आसा. वायर नवी आसा. कार्ड नवा आसा. मगे आता जुनो रवलो कोण?"

*

जुना होता, तो कुंपणाच्या कोपऱ्यात.

आमच्या कारखान्याची भिंत एका ठिकाणी उगाचच वाकडी आहे. तिथे उंडलीच्या झाडाखाली एक दगड आहे, शेंदूर नाही, काही नाही, नुसता दगड. तो जागेचा राखणदार. आमच्याकडे प्रत्येक जागेला असतो. दिसत नाही, पण जागा त्याची, आणि आपण राहायचं ते त्याला विचारून. भिंत बांधताना गवंड्यांनी दगड हलवायला नकार दिला, म्हणून भिंत हलली. वर्षातून एकदा त्याला नारळ ठेवतात आणि बाबीकाका गाऱ्हाणं घालतात.

त्या वर्षीच्या गाऱ्हाण्याला मीही उभी होते. काकांनी हात जोडले.

"बा देवा राखणदारा, ह्या जाग्याचो धनी तू. हय राबणाऱ्या पोराबाळांका सांभाळ, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"आणि तीन नंबराच्या खोलयेत तुका काय सांगूचा असात तर एकदाच काय ता सांगून टाक. सारखा सारखा बटाण दाबू नको, रे म्हाराजा! ह्या चेडवाचो जीव जाता!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने सतीश ओरडला.

सगळे हसले. ते चेडू, म्हणजे पोरगी, मीच, पण मीही हसले. आणि आत, कंट्रोल रूममध्ये, भोंगा वाजला.

*

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. आता अलार्म नुसता गप करता येईना. एक रकाना भरावा लागायचा: 'जागेवर जाऊन कोणी पाहिलं?' नाव टाकल्याशिवाय भोंगा थांबत नाही.

तीन नंबर वाजलं की काकांनी रोज कोणाचं नाव टाकावं? सगळे लोडिंगवर. शेवटी एकदा वैतागून त्यांनी टाइप केलं: राखणदार.

"काका, हे काय!"

"मगे कोणी बघल्यान? तू बघलंस? मी बघलंय? तो थंयच आसा. तोच बघता."

तेव्हापासून तेच नाव पडलं. मीही टाकायचे. हाताला सवय झाली.

आणि एक दिवस पुण्याच्या हेड ऑफिसमधून सेफ्टीवाल्यांचा फोन. "मॅडम, तुमच्याकडचे हे मिस्टर राखणदार. कोल्ड रूममध्ये सगळ्यात जास्त फेऱ्या यांच्या आहेत, आणि यांच्या नावावर सेफ्टी शूजच नाहीत!"

मी म्हटलं, "सर, ते अनवाणीच असतात."

"अनवाणी? उणे वीसमध्ये? मॅडम, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? साइज सांगा."

खरं सांगायची सोय नव्हती. सतीशचे शूज फाटलेले होते, त्याचा पाय नऊ नंबर. मी म्हटलं, "नऊ."

आठवड्याभरात खोका आला. वर छापील नाव: राखणदार, कोल्ड स्टोअर. सतीशने कौतुकाने उघडला, एक पाय घातलासुद्धा. तेवढ्यात बाबीकाका आले.

"काढ मेल्या! ज्याच्या नावान इलेत त्याका दी!"

आमच्या जिल्ह्यात देवाला चपला वाहायची पद्धत आहे. देव रात्रभर गावात फिरतो, त्याला चालायला पायात नको का? म्हणून लोक मोठ्या चामड्याच्या चपला करून वाहतात, आणि म्हणतात की वर्षभरात त्यांचे तळ झिजतात. तेव्हा काकांचं म्हणणं कोणाला वेडगळ वाटलं नाही. सेफ्टी शूज दगडाशेजारी नीट जोडीने ठेवले गेले. स्टीलच्या टोकाचे, पिवळ्या नाड्यांचे, कोरे करकरीत.

सतीश जाताना दोनदा मागे वळून बघत होता. त्याला ते शूज फार आवडले होते.

*

महिन्या-दीड महिन्याने मी त्या बाजूने गेले होते, पाण्याच्या टाकीचा एक सेन्सर बघायला. शूजकडे सहज लक्ष गेलं. दोन्ही टाचा मागून चेपलेल्या!

आपल्याकडचे पुरुष करतात ना, नाडी सोडायचा कंटाळा, टाच आत दाबून बुटाची चप्पल करून फटक फटक चालायचं? अगदी तसं. माझं डोकंच फिरलं. वॉचमन पांडूला हाक मारली.

"पांडू, देवाचे शूज घालून फिरतोस? लाज नाही वाटत?"

पांडूने निमूटपणे स्वतःची चप्पल काढली आणि पाय पुढे केला. एवढासा पाय. "म्याडम, माजो सहा नंबर. ते माका होडयेसारखे होतीत. टाच चेपूक पाय थंयसर पोचूक व्हयो ना?"

बरोबर होतं त्याचं. ज्याला बूट लहान होतो, तोच टाच चेपतो.

मी एक शूज उचलून उलटा केला. एप्रिल महिना, सड्यावर पाण्याचा टिपूस नाही. तळ ओला होता, आणि हाताला थंड लागला. मी तो होता तसा ठेवला आणि परत येऊन कामाला लागले. कोणाला काही बोलले नाही.

*

त्यानंतर निनाद आला. पुण्याचा, तिशीतला, हुशार पोरगा. कंपनीने त्याला पाठवलं होतं ते अलार्म कमी करायला. आणि त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

"मॅडम, ज्या अलार्मवर ऑपरेटरला काही करायचंच नाही, तो अलार्म नाही. तो गोंगाट आहे. गोंगाटात खरा अलार्म बुडतो. माणसं त्यानेच मरतात."

मी हे वर्षानुवर्षं ओरडून सांगत होते. त्याने दोन आठवडे बसून एकेक अलार्म तपासला. हा ठेवायचा, हा गाळायचा, हा थोडा थांबून मगच वाजेल असा करायचा. शेवटी गाडी आली तीन नंबरवर.

"हा सगळ्यात वाईट आहे. इतक्यांदा वाजलाय आणि एकदाही आत माणूस सापडला नाही?"

"नाही."

त्याने खोलीच्या तापमानाचा आलेख काढला. तो सरळ रेषेत जात होता आणि प्रत्येक अलार्मच्या वेळी किंचित वर उचलला होता. निनादने मान खाजवली. "दार उघडलं असेल."

"दार आम्ही नंतर उघडतो. हे आधीचं आहे."

थंड खोलीचं गणित करताना आत किती माणसं काम करणार, त्यांच्या अंगाची किती ऊब पडणार, हेही धरतात. निनादला गंमत वाटली, त्याने कॅल्क्युलेटर काढला. आकडे मांडले, हसत हसत मान वर केली.

"मॅडम, मजा बघा. एका माणसाचं लोड येतंय."

मी हसले नाही. बाबीकाकाही हसले नाहीत. मग तोही हसायचा थांबला.

पण अलार्म त्याने काढलाच. नवीन वायरलेस बटणं मागवली होती, ती येईपर्यंत तीन नंबरचं बंद. मी भांडले. म्हटलं, "माझा नवरा जातो त्या खोलीत! मी भुताखेताला घाबरत नाही, न वाजणाऱ्या अलार्मला घाबरते!" त्याने नियम करून दिला: बटण येईपर्यंत त्या खोलीत एकट्याने जायचं नाही, आणि दाराला पाचर लावल्याशिवाय जायचं नाही. कागदावर सगळं बरोबर होतं. त्याने सॉफ्टवेअरमधून तो मेसेजच काढून टाकला. विलासने वायर सोडवून टोकाला टेप गुंडाळली. शिडी धरायला सतीशच उभा होता.

काका फक्त एवढंच म्हणाले, "कुत्र्याचा तोंड बांधलंस. आता चोराक बरा."

*

दुसऱ्या दिवसापासून कंट्रोल रूम गप्प झाली. इतकी गप्प, की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. सुमनवहिनी खिडकीतून डोकावून विचारत्या झाल्या, "आज कारखानो आजारी आसा काय?"

निनाद खूश होता. मी रोज दुपारी सतीशला फोन करायचे. "खंय आसस?" तो म्हणायचा, "बाहेर आसय गो! माजो जीव खाव नको." मला ते ऐकून बरं वाटायचं आणि मग लगेच भीती वाटायची, की एक दिवस तो फोन उचलणार नाही.

*

आणि एक दिवस त्याने फोन उचलला नाही.

दुपारच होती. कंटेनर लागला होता, माणसं कमी, घाई. मी दुसऱ्यांदा फोन लावत होते. निनाद बाजूच्या खुर्चीवर बसून घरी जायची बॅग भरत होता, त्याचं काम संपलं होतं. आणि भोंगा वाजला.

स्क्रीनवर लाल पट्टी.

'कोल्ड रूम ३: आत माणूस आहे.'

निनाद उठून उभा राहिला. "हा येऊच शकत नाही. मी काढलाय हा. मॅडम, हा मेसेज सिस्टिममध्ये नाहीच आहे!" तो की-बोर्डकडे वळला, कुठून आला ते बघायला. मी बघत बसले नाही. मी धावले.

त्या मधल्या बोळात माझ्या डोक्यात काय काय आलं ते मी कोणाला सांगणार नाही. देवाचं नाव आलं, शिव्या आल्या, आमच्या पोराचं तोंड आलं.

दाराला पाचर नव्हती. दार बंद होतं आणि कडेने बर्फ धरून चिकटलं होतं. विलास पहार घेऊन आला, दोघांनी जोर लावला, दार कुरकुरत सुटलं. धुकं बाहेर लोटलं. आणि धुक्यातून सतीश बाहेर आला, माझ्या अंगावरच कोसळला. ओठ निळे, भुवयांवर बर्फ, बोटं वाकडी. पण जिवंत होता. मी त्याला दोन थोबाडीत दिल्या आणि मग गळ्यात पडून रडले. सगळ्यांसमोर. काही वाटलं नाही मला.

एक सॅम्पलचं खोकं आणायला गेला होता म्हणे. एकच खोकं! "पटकन येतलंय म्हटलं," असं दात वाजवत सांगत होता. पाचरीकडे लक्ष गेलं नाही, दार मागे लोटलं गेलं, आतून ढकलायचा दांडा बर्फाने हलेना.

डॉक्टर येऊन गेले. बोटं शाबूत आहेत म्हणाले. मी कंट्रोल रूममध्ये परत गेले तेव्हा निनाद स्क्रीनसमोर तसाच बसला होता. तीन नंबरचा आलेख उघडा होता.

"मॅडम, सतीशभाऊ एकटेच होते ना आत?"

"हो."

त्याने कॅल्क्युलेटर हळूच पालथा ठेवला. "काही नाही. दोघांचं दिसतंय."

*

संध्याकाळी विश्रांतीच्या खोलीत सतीशला दोन ब्लँकेटं गुंडाळून बसवलं होतं. मी त्याला गरम पेज भरवत होते. बाबीकाका दाराशी, निनाद कोपऱ्यात.

"बरं झालं बाबा बटण दाबलंस," मी म्हटलं. "कसं वाजलं ते वाजलं."

सतीशने माझ्याकडे बघितलं. "मी खंय दाबलंय? वायर काढली तेव्हा शिडी मीच धरलेली. माका म्हायत होता ता मेलेला आसा. मी दार बडवलंय, दमलंय, आणि पहार-बिहार काय गावता काय बघूक मागे गेलंय."

"मग?"

"मगे वळान बघतंय तर बटणाकडे कोण तरी उभो. माका वाटला, तूच कोणाक तरी धाडलंस. हाक मारलंय, तर बघूक नाय. सारखो बटाण दाबत होतो."

पेजेचा चमचा माझ्या हातात तसाच.

"कसा होता दिसायला?" निनादने विचारलं.

"धुक्यात तोंड खंय दिसता? उंच होतो. ह्या दारात मावाचो नाय इतको." सतीशने पेजेसाठी तोंड उघडलं, मग परत मिटलं. "शूज तेवढे दिसले. पिवळे नाडयेचे. टाच चेपून घातलेले. ते त्याका ल्हान होतत गो."

सकाळी मी सगळ्यात आधी कॉम्प्युटर उघडला आणि पुण्याला मेल टाइप केला. नाव: राखणदार. विभाग: कोल्ड स्टोअर. सेफ्टी शूज बदलून मिळावेत. साइज बारा.

निनाद रात्रीच्या गाडीने गेलाच नव्हता. तो माझ्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मोजे पण टाका. आत थंडी असते."